डाव्या डोळ्याचा फोटो

४ नोव्हेंबर, मंगळवार

पाणी भरून झालं होतं. पिंप, दोन कळश्या आणि ह्यांची अंघोळीची बादली. मग मी बटाटे चिरायला घेतले. चिरता चिरता दारातल्या जीनच्या गठ्ठ्याकडे बघत होते, कारण शेठचा माणूस माल न्यायला येणार होता आणि अर्ध्या पॅन्टींचे धागे कापायचे राहिले होते. हे खुर्चीत बसून कामावर जायला बूट घालत होते. एक घातला. दुसरा हातात धरून म्हणाले, "भाजीत खोबरं घाल गं थोडं." मी खोबरं खवायला वळले. खवून परत वळले तर बूट हातातच होता आणि हे नव्हते.

आदल्या दिवशी छाती जड वाटते म्हणून डॉक्टरकडे जाऊन आले होते. तिथे वायरी लावून मशीनने कागदाची पट्टी काढली. डॉक्टरने पट्टीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "मशीन नॉर्मल म्हणतंय. गॅस असेल."

याला तीन वर्षं झाली. खोबरं खवताना मी अजून मध्येच मागे वळून बघते.

ही वही अक्षदाने, माझ्या मुलीने दिली आहे. "आई, मनात घोळवत बसतेस त्यापेक्षा लिहून काढ," म्हणाली. अक्षरं मी तिच्याबरोबरच शिकले, ती पहिलीत असताना. तेव्हा ती मला ओरडायची, "आई, काना राहिला." अजून कधीकधी राहतो.

आज हे सगळं आठवलं, कारण दवाखान्यातली आशाताई, तेजल, दारात आली होती. शुक्रवारी दवाखान्यात डोळे तपासायचं मशीन येणार आहे. ज्यांना शुगर आहे त्यांनी यायचंच. मी विचारलं, "डॉक्टर कोण येणार?" ती म्हणाली, "डॉक्टर नाही मावशी, एआय आहे. मशीनच फोटो काढतं आणि मशीनच सांगतं."

मशीनच सांगतं. मी दार लावून घेतलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तरी गेले. शुगरची गोळी तिथूनच मिळते, नाही गेलं तर तेजल गोळी देताना तोंड पाडते. गोळी मी नेमाने घेते. म्हणजे गोड खाल्लं त्या दिवशी नक्की घेते.

आमच्या वस्तीतल्या, म्हणजे कॅम्प चारच्या, बायकांची गर्दी होती. आधी एका कागदावर सही मागितली. मी वाचल्याशिवाय सही करत नाही. पण कागद इतका फिका छापलेला, की दोन ओळींतच डोकं दुखलं. फिकं छापतात ते मुद्दाम, कोणी वाचू नये म्हणून. भगवंती आंटी मागून म्हणाली, "अरे बकुळा, साइन कर ना, तेरा बंगला थोडी लिख के ले रहे हैं." आंटी आमच्या शेजारची, सिंधी. तिला माझ्याआधी आत घेतलं आणि ती नाचतच बाहेर आली. "दोनों आँख ओके! मेरी आँख तो हीरा है हीरा!"

मग मी. खोलीत पडदे लावून अंधार केला होता, मशीनवर तेजलच होती. हनुवटी टेकवायची आणि हिरव्या ठिपक्याकडे बघायचं. उजव्या डोळ्याला ठिपका दिसला, लख्ख उजेड पडला, झालं. मग डावा.

"मावशी, ठिपक्याकडे बघा."

"लाव की मग ठिपका."

"लावलाय मावशी."

"कुठे लावलायस?"

तिने दोनतीनदा फोटो काढला. प्रत्येक वेळी मशीन म्हणायचं, फोटो नीट नाही. शेवटी तिने चिठ्ठी दिली, अंबरनाथच्या हॉस्पिटलात डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून. मी म्हटलं, "उजव्याचं काय?" "उजवा ठीक आहे." "आणि डाव्याला काय झालंय?" "ते मशीनला कळत नाहीये. फोटो आला नाही तरी पाठवायचं, असा नियमच आहे."

मी म्हटलं, "आंधळं तुझं मशीन, आणि हॉस्पिटलात मी जाऊ?"

बाहेरच्या सगळ्या हसल्या. तेजल नाही हसली. तिला चिठ्ठीमागे काही मिळत असणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काळ्या पॅन्टींचा माल आला आहे. काळ्यावर काळा धागा, कापायला फार त्रासाचं काम. त्यातला एक धागा उडून माझ्या डाव्या डोळ्यात गेला आहे. दोन दिवस झाले, निघत नाही. पाणी मारलं, पदराच्या टोकाने पुसलं. आंटीला पापणी उलटून बघायला सांगितलं. ती म्हणाली, "कुछ नहीं है रे." तिला काय दिसणार. मला स्पष्ट दिसतो, लांब, टोकाला गाठ असलेला. मी बघेन तिकडे जातो, धरायला गेलं की सरकतो. आज तर त्याच्याबरोबर धुरासारखं काही आलं. खाली जीन धुणाऱ्या वॉशिंगवाल्याने परत काहीतरी जाळलं असेल.

शेठचा माणूस दोन पॅन्टी परत घेऊन आला. कापडालाच कात्री लागलेली. "मौसी, ये क्या किया?" मी म्हटलं, ह्या माझ्या नव्हेत, दुसरीच्या गठ्ठ्यातल्या माझ्यात घातल्यात. इतकी वर्षं धागे कापते, कापडाला कधी कात्री लागली नाही. हा माणूस नवीन आहे. त्याच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे.

चहाचे कप बदलायला हवेत. ओतताना चहा बाहेर सांडतो.

तेजल रस्त्यात भेटली. "मावशी, गेलात का?" मी सांगितलं, वेळ नाही. तिने माझा नंबर कुठेतरी दिलेला दिसतो. हॉस्पिटलातून फोन आला होता. गोड आवाजाची मुलगी, "आजी, गाडी पाठवू का?" म्हणते. फुकट गाडी कोण पाठवतं? मी फोन ठेवून दिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अक्षदाकडे आले आहे, बदलापूरला कात्रपमध्ये. तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तेच डोळ्यांचं शिबिर होतं. मशीन माझ्या मागे मागे फिरतंय की काय.

घरातल्या तिघांची नावं दिली होती. जावई संतोष सकाळीच तपासून रिक्षा घेऊन गेला. अक्षदाही जाऊन आली. राहिल्या विहीणबाई, म्हणजे संतोषची आई, जनाबाई. अक्षदा दळण आणायला गेली तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, माझं एक काम करा. मला त्या काळोखात बसायचं म्हटलं की जीव घाबरा होतो. आणि नाही गेले तर संतोष डोकं खातो. तुम्हीच बसा ना माझ्या नावावर."

"नावावर कसं बसणार?"

"त्यात काय? रेशनला मी नव्हते का बसले अक्षदाच्या नावावर? आपल्या दोघींची तोंडं कोण बघतंय. पदर घ्या डोक्यावरून."

मी एरवी नाही म्हटलं असतं. पण मला वाटलं, बरं झालं. कॅम्पातल्या मशीनला माझं नाव माहीत होतं, शुगर माहीत होती. इथे मशीन दुसरं, माणसं दुसरी, नावही दुसरं. बघूया आता काय सांगतं.

गेले, जनाबाई होऊन बसले. एक मुलगा होता मशीनवर. उजवा ठीक. डाव्याचा फोटो नाही. पुन्हा काढला, नाही. "आजी, मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल."

मला हसू आलं. सापडली चोरी. सगळी मशीनं एकाच कंपनीची आणि एकच खोड. त्यांना डाव्या डोळ्याचा फोटो काढताच येत नाही आणि ते झाकायला लोकांना हॉस्पिटलात पाठवतात.

विहीणबाईंना सांगितलं तर त्याही हसल्या. "बघा, मी नाही गेले तेच बरं."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी आले. नळावर सगळ्यांना विचारलं, तुझा डावा आला का?

आंटीचा आला. समोरच्या कुंदाचा आला. तिच्या सासूचा आला, तिला तर मोतीबिंदू आहे. कुंदा म्हणाली, "सगळ्यांचे दोन्ही आले मावशी. तुमचाच काय तो नाही आला."

मला तिचं बोलणं आवडलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अक्षदाचा फोन आला. हॉस्पिटलातून संतोषच्या मोबाईलवर सारखे फोन येत होते, तुमच्या आईचा डावा डोळा दाखवून घ्या म्हणून. संतोषने आईला विचारलं, "काय गं, तुला दिसत नाही आणि सांगत नाहीस?" विहीणबाई काय बोलणार? मी गेलेच नव्हते म्हटलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. गप्प राहिल्या. काल अक्षदा त्यांना घेऊन अंबरनाथला गेली. डोळ्यात औषध घालून बसवून ठेवलं, मग डॉक्टरबाईंनी स्वतः बघितलं. दोन्ही डोळे स्वच्छ. डॉक्टरबाई म्हणाल्या, वयाच्या मानाने फार चांगले डोळे आहेत.

अक्षदा म्हणाली, "आई, तू म्हणत होतीस तेच खरं. मशीन खोटं बोलतं."

मी "हो" म्हटलं.

फोन ठेवल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. इतके दिवस मी हेच सांगत होते आणि आता डॉक्टरनेच दाखवून दिलं. पण तो फोटो विहीणबाईंचा नव्हता. हे त्यांना माहीत आहे आणि मला माहीत आहे. म्हणजे मशीन खोटं ठरलं ते आमच्या दोघींच्या खोट्यामुळे. तसं ते खोटं असेलही. पण हा पुरावा नव्हे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षदाशी पुन्हा बोलणं झालं. तिने एक गोष्ट सहज सांगितली आणि मला जेवण गेलं नाही.

शिबिराच्या दिवशी मशीनने संतोषलाही चिठ्ठी दिली होती. त्याच्या दोन्ही डोळ्यांचे फोटो आले होते आणि दोन्हीत काहीतरी दिसतं, लवकर दाखवा, असं होतं. शुगरने होतं म्हणे असं. तो सोमवारी आईबरोबरच जाणार होता, पण शाळेची मुलं सोडायची होती म्हणून म्हणाला, आधी तुम्ही जाऊन या, मी नंतर जातो. आईचे डोळे चांगले निघाले तेव्हा त्याने चिठ्ठी चुरगाळून टाकली. रिक्षा स्टँडवर सगळ्यांना सांगितलं, ही एआय-बीएआय सगळी फेकाफेकी आहे. त्याच्या लाईनीतल्या आणखी एकाला चिठ्ठी होती, तोही गेला नाही.

मी विचारलं, "त्याला नीट दिसतं ना?"

"दिसतं गं. संध्याकाळचं भाडं तेवढं नको म्हणतो हल्ली. समोरच्या गाड्यांच्या लाईटी फुटतात म्हणे डोळ्यात."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. का गं?"

मी म्हटलं, काही नाही. त्याची रिक्षा, त्याच्यात शाळेची मुलं. आणि अक्षदाचं घर त्या रिक्षावर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

विहीणबाईंना फोन केला. म्हटलं, संतोषला खरं सांगूया.

त्या एकदम आवाज बारीक करून बोलायला लागल्या. "विहीणबाई, तुम्हाला माझी शपथ आहे. मी त्याच्या तोंडावर तपासून आले म्हणाले आणि नंतरही खरं सांगितलं नाही. आता सांगितलं तर तो माझ्याशी बोलायचा नाही. तापट आहे, तुम्हाला माहीत आहे."

"आणि डोळ्याचं काय त्याच्या?"

"चाळिशी नाही आली पोराची, डोळ्यांना काय होतंय? त्या मशीनचं काय खरं? तुम्हीच म्हणत होतात ना?"

मीच म्हणत होते.

मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तसंच सांगायचं असेल तर आधी तुमच्या डोळ्याचं बघा. माझ्या नावावर तुमचाच डोळा होता."

हे त्या रागाने बोलल्या. तरी मी कितीतरी वेळ फोन हातात धरून बसले.

३० नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी उन्हात दारात बसले. समोर भिंतीवर कॅलेंडर आहे. उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

कॅलेंडर नव्हतं. भिंत होती, कडेला दाराची चौकट होती, मध्ये राखाडी धूर होता आणि त्यात काळे धागे तरंगत होते. हात काढला, कॅलेंडर आलं. पुन्हा ठेवला, गेलं.

आंटी बघत होती. "क्या कर रही है? आँख मार रही है किसको?"

मी म्हटलं, "आंटी, हा डोळा गेला बहुतेक."

ती माझ्याजवळ येऊन पायरीवर बसली. मग तिच्या पद्धतीने म्हणाली, "एक तो है ना."

एक आहे. धागे कापायला एक पुरेल, नाहीतर काम सोडीन. पण वाचायचं काय? उजवाही असा गेला तर? मला वाचायला शिकून तीस वर्षं झाली नाहीत. ज्यांना लहानपणी आलं त्यांना काय वाटतं माहीत नाही, मला तर अजून रोज वाटतं की ही उसनी आणलेली गोष्ट आहे, कोणीतरी परत मागायला येईल.

हे असते तर ओरडले असते. पण ह्यांनीच मला नेलं असतं त्या हॉस्पिटलात, हेही खरं.

१ डिसेंबर, सोमवार

दिवसभर विचार केला. लिहून बघते, म्हणजे नीट दिसेल.

मशीनवर माझा अजून विश्वास नाही. ह्यांच्या वेळचं मशीन नॉर्मल म्हणालं आणि माणूस गेला. हे मशीन काहीच म्हणालं नाही, फक्त फोटो येत नाही म्हणालं. आता मला वाटतं, तेवढं तरी खरं म्हणालं. दिसत नाही तर दिसत नाही म्हणालं. ह्यांच्या डॉक्टरला पट्टीत काही कळलं नसेल तर त्यानेही तसं म्हणायला हवं होतं. मोठ्या ठिकाणी जा म्हणायला हवं होतं. मी रागावले असते, पण गाडीचं भाडं काढून ह्यांना घेऊन गेले असते, हे आज असते.

फोन करणारी मुलगी गोड का बोलते, गाडी फुकट का पाठवतात, हे मला अजून कळत नाही. त्यांचा काहीतरी फायदा असेल. असू दे. फायदा असला म्हणजे डोळ्यातलं खोटं होत नाही.

संतोषचं मात्र माझ्यामुळे झालं. निम्मं विहीणबाईंमुळे, पण त्या सांगणार नाहीत. मी सांगितलं तर शपथ मोडते. विहीणबाई मला बोलतील, ते चालेल. पण माझी लेक त्या घरात नांदते. ऊठसूट ऐकावं लागेल तिला, "तुझ्या आईने आमच्यात भांडण लावलं." अक्षदा सोसणारी आहे आणि सोसलेलं मला सांगत नाही. हे माझं भय आहे.

दुसरं भय असं, की एक दिवस संध्याकाळी तो भाडं घेईलच. घरात काही लागलं की माणूस घेतो. आणि समोरून गाडी येईल.

दोन्ही भयं शेजारी ठेवली तर कुठलं मोठं, हे मला एका डोळ्याने पण दिसतंय.

अक्षदाला मी हे सांगणार नाही. तिला माहीत नसलं तर तिला कोणी बोलू शकणार नाही. जे बोलायचं ते मला बोलतील.

४ डिसेंबर, गुरुवार

डोळ्यांत औषध घातलं होतं म्हणून परवा लिहिता आलं नाही, आणि काल अक्षरं डोळ्यांपुढे नाचत होती.

मंगळवारी सकाळी मी कात्रपला गेले. घरी गेले नाही, सरळ रिक्षा स्टँडवर गेले. संतोष मला बघून म्हणाला, "काय आई, फोन न करता?" मी त्याच्या रिक्षात मागे बसले आणि रिक्षा चालू करायच्या आधी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या आईच्या नावावर मी बसले होते, तो फोटो न आलेला डोळा माझा होता, आणि मशीनने त्याच्याबद्दल काय सांगितलं ते खोटं आहे असं म्हणायला आपल्याकडे काहीही नाही. तो पुढे बघतच म्हणाला, "म्हातारीला तर अक्कल कमी, तुम्हाला पण?" मी म्हटलं, "मला पण." तो म्हणाला, "उतरा." मी उतरले नाही.

लाईनीतला पुढचा रिक्षावाला हॉर्न मारायला लागला. संतोषने रिक्षा दुसऱ्या एकाच्या हवाली केली, "हिला अंबरनाथपर्यंत तू चालव," असं म्हणाला आणि माझ्याशेजारी मागे येऊन बसला. हॉस्पिटलात मी खिडकीवर आधी माझं नाव सांगितलं, मग त्याचं. आम्ही दोघे बाकावर बसलो. आधी मी आत गेले, मग तो गेला.